अध्यक्षपद एका वर्षाचे, काम पिढ्यांचे

वैद्यकीय संघटना, तिच्यातील विशेषज्ञ शाखा आणि त्यांचे नेतृत्व

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा माजी अध्यक्षांच्या यादीने सुरू होतो आणि छायाचित्रांनी संपतो. ती यादी हवीच. ज्यांनी संध्याकाळची ओपीडी लवकर आटोपून सभा घेतल्या, घरचा रविवार व्याख्यानमालांना दिला आणि वर्गणीसाठी सहकाऱ्यांचे दार पुन्हा पुन्हा ठोठावले, त्यांची नावे छापली गेलीच पाहिजेत. मात्र संघटनेत ही पदे का निर्माण झाली आणि पदावरचा माणूस नेमके काय करतो, हे यादीवरून कळत नाही. सर्जन, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी आपापल्या वेगळ्या संघटना काढल्या, तरी ते मूळ संघटनेशी का जोडलेले राहिले, हेही कळत नाही. नाशिकच्या वैद्यकीय क्षेत्रात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांसमोर हा इतिहास यायला हवा, कारण उद्याची पदे त्यांनाच सांभाळायची आहेत.

कलकत्ता, डिसेंबर १९२८

आधुनिक वैद्यकाचे शिक्षण देणारे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या तिथल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढे १८८३ मध्ये बॉम्बे मेडिकल युनियन स्थापन झाली. त्या काळात सरकारी रुग्णालयांतील आणि महाविद्यालयांतील वरची पदे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय पदवीधर कितीही कुशल असला, तरी धोरण ठरवणाऱ्या बैठकीत त्याला खुर्ची नसे. देशभर विखुरलेल्या डॉक्टरांचे एक व्यासपीठ असावे, या विचारामागे ही सल होती.

डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याला पाचवी अखिल भारतीय वैद्यकीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गोपाळराव विनायक देशमुख. याच परिषदेत अखिल भारतीय वैद्यकीय संघटना स्थापन झाली आणि १९३० मध्ये तिला इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए) हे आजचे नाव मिळाले. सुरुवातीला सभासद होते अवघे २२२. डॉ. देशमुखांबरोबर सर नीलरतन सरकार आणि डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यासारखी मंडळी या कामात होती.

डॉ. देशमुखांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण वैद्यकीय नेतृत्व कसे असावे याचा नमुना त्यांच्या आयुष्यात सापडतो. ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचे विधेयक त्यांनी मांडले. १९३७ मध्ये मंजूर झालेला हा कायदा त्यांच्या नावाने ‘देशमुख कायदा’ म्हणून ओळखला गेला. विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा देणारे ते महत्त्वाचे पाऊल होते. मुंबईच्या पेडर रोडला आज त्यांचे नाव आहे. ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या माणसाला समाजाचे दुखणे कुठे आहे हेही दिसू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

संघटनेची सुरुवातीची वर्षे मान्यतेच्या लढाईची होती. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. आपल्या शिक्षणाचा दर्जा आपणच ठरवावा, ही मागणी त्यामुळे जोरकस झाली आणि १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. १९४७ मध्ये पॅरिसला जागतिक वैद्यकीय संघटना स्थापन झाली, तेव्हा भारताची संघटना तिच्या संस्थापक सदस्यांत होती. वीस वर्षांपूर्वी २२२ सभासदांनी सुरू केलेल्या संस्थेसाठी ही मजल मोठी होती.

विशेषज्ञांच्या वाटा

याच काळात वैद्यकशास्त्र शाखांमध्ये विभागत होते आणि प्रत्येक शाखेला स्वतःच्या चर्चेची जागा हवी होती. नेत्रतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९३० मध्ये झाली, शल्यचिकित्सकांची १९३८ मध्ये, फिजिशियनांची १९४४ मध्ये. भूलतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांच्याही संघटना १९४७ मध्ये, तर अस्थिरोगतज्ज्ञांची १९५५ मध्ये उभी राहिली.

स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची कहाणी मराठी वाचकाला विशेष जवळची आहे. जानेवारी १९५० मध्ये मद्रासला सहावी अखिल भारतीय परिषद भरली असताना अहमदाबाद, बंगाल, मुंबई, मद्रास आणि पंजाब येथील पाच संस्थांनी एकत्र येऊन महासंघ करायचे ठरवले. आज आपण त्याला फॉग्सी म्हणतो. मुंबईची संघटना उभारण्यात आणि महासंघाच्या सुरुवातीच्या नेतृत्वात डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव ठळक आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातल्या झिराड पुण्यात शिकल्या, पुढे लंडनची एम.डी. झाल्या आणि १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. मुंबईतल्या बाळंतिणी कशाने दगावतात, याचा त्यांनी केलेला अभ्यास १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अध्यक्षपद मिळाल्यावर काय करायचे, याचे उत्तर त्यांच्या या अभ्यासात आहे: मृत्यूंची नोंद करायची, कारणे शोधायची आणि ती सहकाऱ्यांपुढे मांडायची.

विशेषज्ञांच्या सभेतून तंत्र कसे पसरते, याचे उदाहरणही याच शाखेत आहे. गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया विकसित केली आणि १९५० च्या दशकात ती जगापुढे मांडली. ‘शिरोडकर टाका’ आज जगभरच्या प्रसूतिगृहांत याच नावाने ओळखला जातो. एका डॉक्टरच्या हातातले कौशल्य हजारो हातांत जायचे, तर ते दाखवायला, त्यावर वाद घालायला आणि शिकवायला व्यासपीठ लागते. विशेषज्ञ संघटनेचे पहिले काम तेच आहे.

बालरोगतज्ज्ञांच्या दोन वेगळ्या संघटना होत्या. त्या १९६३ मध्ये एकत्र आल्या आणि इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणजे आपली आयएपी, जन्माला आली. तिचे मुख्यालय मुंबई परिसरातच राहिले. त्याच वर्षी आयएमएने जनरल प्रॅक्टिशनर्सचे कॉलेज काढले. एकीकडे मुलांच्या डॉक्टरांनी आपली वेगळी अकॅडमी उभी केली आणि दुसरीकडे फॅमिली डॉक्टरांनीही आपल्या अभ्यासासाठी स्वतंत्र घर मागितले. जनरल प्रॅक्टिस हीसुद्धा एक विद्या आहे आणि तिच्यातही शिकण्याची, शिकवण्याची व नेतृत्वाची परंपरा हवी, हे संघटनेने तेव्हा ओळखले.

पदांची रचना

आयएमएच्या आत आज अनेक शाखा काम करतात. कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सचे मुख्यालय चेन्नईला आहे, विशेषज्ञांसाठीच्या अकॅडमी ऑफ मेडिकल स्पेशालिटीजचे हैदराबादला, तर संघटनेचे नियतकालिक कोलकात्याहून निघते. खासगी रुग्णालयांसाठी हॉस्पिटल बोर्ड आहे, महिला डॉक्टरांची स्वतंत्र शाखा आहे आणि विद्यार्थ्यांचे व निवासी डॉक्टरांचेही गट आहेत. संघटनेचा कारभार एका शहरात एकवटू नये, ही यामागची भूमिका. प्रत्येक शाखेची पदे तिच्या कामाप्रमाणे ठरलेली आहेत. कॉलेजात डीन, व्हाइस डीन आणि सब-फॅकल्टीचा डायरेक्टर ऑफ स्टडीज असतो, कारण तिथे मुख्य काम शिक्षणाचे आहे. अकॅडमीत अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि मानद सचिव असतात.

मुदतींची रचना समजून घेतली की या संघटना इतकी दशके कशा टिकल्या हे उलगडते. आयएमए, फॉग्सी आणि आयएपी या तिन्ही ठिकाणी राष्ट्रीय अध्यक्षाची मुदत साधारण एका वर्षाची आहे. सरचिटणीसाची मुदत मात्र त्याहून मोठी असते: आयएमए आणि आयएपीत दोन वर्षे, फॉग्सीत तीन. फॉग्सीच्या समित्यांचे प्रमुख, मग ती सुरक्षित मातृत्वाची समिती असो, किशोरवयीन आरोग्याची असो वा वंध्यत्वाची, तीन वर्षे काम पाहतात. आयएपीत मेंदूविकार, मूत्रपिंडविकार, श्वसनविकार, अतिदक्षता अशा उपशाखांचे चॅप्टर असून त्यांची स्वतंत्र कार्यकारिणी निवडली जाते.

या मुदतींमागे हिशेब आहे. अध्यक्ष दरवर्षी बदलला की वेगवेगळ्या शहरांना आणि प्रांतांना संधी मिळते आणि एकाच माणसाभोवती संस्था फिरत राहत नाही. समितीच्या प्रमुखाला तीन वर्षे मिळतात, कारण प्रशिक्षणाचा कार्यक्रम आखायचा, राबवायचा आणि त्याचा परिणाम मोजायचा, हे एका वर्षात होत नाही. आणि सचिव या दोघांना जोडून ठेवतो. मावळत्या अध्यक्षांनी दिलेला शब्द नव्या अध्यक्षांपर्यंत पोहोचवणे, बँक खाते, धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब, सभासदांची नोंदवही, सगळे त्याच्याकडे. नियोजित अध्यक्षाची पद्धतही याच विचारातून आली. येणारा माणूस वर्षभर आधीपासून बैठकांना बसतो, त्यामुळे पदग्रहणाच्या दिवशी त्याला कामाची ओळख झालेली असते.

जिल्हा पातळीवर सचिवाचे काम आणखी प्रत्यक्ष असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते बहुतांशी अशा संघटनांच्या सीएमई, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या, कार्यक्रमांतून मिळतात. कार्यक्रमाची मंजुरी आधी घ्यायची, कौन्सिलचा निरीक्षक येईल हे पाहायचे, हजेरीच्या सह्या नीट ठेवायच्या, वक्त्याची यायची-जायची व्यवस्था करायची. नाशिकमध्ये शालिमारच्या आयएमए हॉलमध्ये एखाद्या रविवारी सकाळी चाळीस-पन्नास डॉक्टर मधुमेहाच्या नव्या औषधांवर चर्चा करत बसलेले असतात, त्यामागे कुणातरी सचिवाचे आठवडाभराचे फोन असतात. या कामाला मानधन नाही आणि बहुतेक वेळा त्याची दखलही घेतली जात नाही. संघटनेचा इतिहास लिहिताना ही नावे अध्यक्षांच्या बरोबरीने यावीत, असे माझे ठाम मत आहे.

नाशिकचे स्थान

नाशिकच्या वैद्यकीय विश्वाला १९९० नंतर वेगळे वळण मिळाले. त्या वर्षी आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जून १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला असलेल्या या विद्यापीठाशी राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये संलग्न आहेत. २०२१ मध्ये कुलगुरू झालेल्या लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डॉ. माधुरी कानिटकर या लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ. सैन्यदलात ही शाखा रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अगदी अरुंद उपशाखेत काम केलेली व्यक्ती राज्याच्या संपूर्ण आरोग्य शिक्षणाची धुरा सांभाळू शकते, हे नाशिकने जवळून पाहिले. महिला डॉक्टरांच्या नेतृत्वाची परंपरा फॉग्सीतही पुढे चालू राहिली. २०१९ मध्ये मुंबईच्या डॉ. नंदिता पालशेतकर आणि २०२५ मध्ये पुण्याच्या डॉ. सुनीता तांदुळवाडकर फॉग्सीच्या अध्यक्षा झाल्या.

राष्ट्रीय नेतृत्वाशी आपल्या विभागाचे नातेही जवळचे आहे. नाशिक विभागातल्याच धुळ्याचे शल्यचिकित्सक डॉ. रवी वानखेडकर २०१८ मध्ये आयएमएचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि पुढे जागतिक वैद्यकीय संघटनेचे खजिनदारही झाले. मोठे पद मुंबई-दिल्लीतल्याच माणसाला मिळते, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

मात्र नाशिक म्हणजे फक्त गंगापूर रोड आणि मुंबई नाक्यावरची रुग्णालये नव्हेत. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. त्यांपैकी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण, इगतपुरी आणि दिंडोरी या भागांत आदिवासी वस्ती मोठी आहे. घाटातून, पावसाळ्यात वाहून गेलेल्या रस्त्यांवरून बाळंतिणीला शहरात आणताना जो वेळ जातो, त्यात आईचा आणि बाळाचा जीव टांगणीला लागतो. विशेषज्ञ संघटनांच्या नेतृत्वाची खरी परीक्षा इथे आहे.

या परीक्षेसाठी साधने तयार आहेत. आयएपीने नवजात बाळाला श्वास देण्याच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम देशभर नेला. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात बाळ रडले नाही तर काय करायचे, हे प्रसूती करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या हातात बसावे, हा त्याचा हेतू. फॉग्सीचा ‘मान्यता’ उपक्रम खासगी प्रसूतिगृहांसाठी १६ वैद्यकीय मानके ठरवतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला तर काय करायचे, रक्तदाब किती वेळा मोजायचा, हात कधी धुवायचे, अशा साध्या पण जीव वाचवणाऱ्या गोष्टी त्यात आहेत. दोन्ही कार्यक्रम मोठ्या रुग्णालयापेक्षा तालुक्याच्या दवाखान्याला अधिक उपयोगी आहेत. तिथवर ते पोहोचवायचे, तर स्थानिक शाखेच्या अध्यक्षाने आणि सचिवाने वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या कार्यक्रमपत्रिकेत पेठ आणि सुरगाण्याचे नाव लिहायला हवे. विशेषज्ञ आणि फॅमिली डॉक्टर एकाच संघटनेत असण्याचा मोठा फायदा हाच आहे. कळवणच्या जनरल प्रॅक्टिशनरला रात्री अकरा वाजता कुणाला फोन करायचा हे माहीत असते, कारण त्या तज्ज्ञाला त्याने सभेत ऐकलेले असते आणि जेवणाच्या रांगेत त्याच्याशी बोललेला असतो.

कसोटीचे प्रसंग

संघटनेची एकजूट कठीण काळात कळते. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्या. निकाल संघटनेच्या बाजूने लागला नाही, तरी त्यानंतर संमतिपत्र, नोंदी आणि रुग्णाशी संवाद यांबाबत आपला व्यवसाय अधिक जबाबदार झाला. प्रत्येक विशेषज्ञ शाखेला आपले संमतिपत्र स्वतः तयार करावे लागले, कारण भूल देतानाची जोखीम आणि सोनोग्राफीची जोखीम एकसारखी नसते. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात न्यायालयाने सांगितले की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला भरण्याआधी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र आणि सक्षम मत घ्यावे, आणि ते शक्यतो त्याच वैद्यकीय शाखेतील सरकारी डॉक्टरचे असावे. विशेषज्ञाचे प्रामाणिक मत रुग्णाला न्याय देते आणि निर्दोष डॉक्टरला संरक्षणही देते, याची ही जाण होती.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या विधेयकाविरुद्ध २ जानेवारी २०१८ रोजी देशव्यापी बंद पुकारला गेला, तेव्हा सर्व शाखांचे डॉक्टर एकत्र उभे राहिले. त्याच दिवशी विधेयक संसदीय स्थायी समितीकडे गेले, आणि आयुष डॉक्टरांसाठीचा ब्रिज कोर्स पुढे त्यातून वगळण्यात आला. कायदा २०१९ मध्ये झालाच, पण संघटित, मुद्देसूद विरोधाने त्याचे रूप बदलले.

नाशिकने स्वतःच्या कसोट्याही पाहिल्या आहेत. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. २१ एप्रिल २०२१ रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि किमान २२ रुग्ण दगावले. या शहरातला कोणताही डॉक्टर तो दिवस विसरू शकत नाही. ऑक्सिजनच्या वाहिन्या, दाब, पर्यायी साठा यांची नियमित तपासणी रुग्णाच्या जिवाइतकीच महत्त्वाची आहे, हा त्या दिवसाचा धडा आहे. त्याची राखण करण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनांनी स्वतःहून उचलली पाहिजे. वर्षातून एकदा जिल्ह्यातल्या लहान रुग्णालयांसाठी ऑक्सिजन सुरक्षेचे प्रात्यक्षिक झाले, तरी त्या मृत्यूंचे आपण काही ऋण फेडले असे म्हणता येईल.

येणाऱ्या कार्यकारिणीकडे

२०२७ च्या सिंहस्थात लाखो भाविक गोदाकाठी येतील. त्या दिवसांत उष्माघात, पडून झालेली हाडमोड, हृदयविकार आणि हरवलेली, भेदरलेली मुले अशा सगळ्याच गोष्टी एकाच वेळी समोर येतील. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर यांच्या संघटनांच्या प्रमुखांनी एका टेबलाभोवती बसून कोण कुठे असेल, कुणाला कुठे पाठवायचे आणि रक्ताचा साठा कुठे असेल हे आधीच ठरवले, तर प्रशासनाला तयार मनुष्यबळ मिळेल. हे काम कोणत्याही एका अध्यक्षाच्या वर्षात मावणारे नाही. या वर्षीच्या कार्यकारिणीने आखणी करावी, पुढच्या कार्यकारिणीने सराव घ्यावा आणि त्यानंतरच्या कार्यकारिणीने ते निभावून न्यावे.

म्हणून प्रत्येक विशेषज्ञ शाखेच्या मावळत्या सचिवाला एक विनंती. आपल्या मुदतीत काय ठरले, काय पूर्ण झाले, काय अर्धे राहिले, कोणत्या तालुक्यात कुणाशी बोलणे झाले आहे, हे लिहून नव्या सचिवाच्या हाती द्या. तुमच्या नोंदी आहेत म्हणूनच नवा अध्यक्ष पहिल्या दिवसापासून काम करू शकेल. १९२८ मध्ये २२२ डॉक्टरांनी सुरू केलेली संघटना आज लाखोंच्या घरात गेली, ती अशाच एकेका हस्तांतरणाने. नाशिकच्या प्रत्येक शाखेने हे हस्तांतरण नीट केले, तर सुरगाण्याच्या बाळंतिणीपर्यंत आपल्या विद्येचा लाभ पोहोचेल, आणि ज्यांची नावे या स्मरणिकेत आहेत त्यांचे श्रम पुढच्या पिढीच्या हाती सुरक्षित राहतील.